अरोराचा उजेड आणि ट्रॅक्टरचा खोळंबा

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मक्याची पेरणी ऐन भरात होती. तिथली मोठी पेरणीयंत्रं जीपीएसच्या भरवशावर चालतात आणि दोन ओळींमधलं अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात राखतात. १० मेच्या सुमारास हा भरवसा तुटला. उपग्रहाचे संकेत भरकटले, ओळी वाकड्या पडू लागल्या आणि अनेक शेतकऱ्यांना भर हंगामात यंत्रं उभी करावी लागली. त्याच रात्री त्याच शेतांवरचं आकाश गुलाबी-हिरवं झालं होतं.

दोन्हींचं मूळ एकच. सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कणांचे लोट पाठोपाठ पृथ्वीवर आदळले आणि २००३ नंतर इतकं तीव्र भूचुंबकीय वादळ प्रथमच झालं. वातावरणातल्या ऑक्सिजनला हे कण धडकले की शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हिरवा उजेड पडतो, दोनशेच्या वर लाल; हाच अरोरा. लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी त्या रात्री लाल झाक टिपली. इतक्या दक्षिणेकडून अरोराचा फक्त वरचा काठ दिसतो, म्हणून लालच.

हा उजेड अंगाला बाधतो का? जमिनीवरच्या माणसाला नाही. ध्रुवाजवळून उडणाऱ्या विमानांचं मात्र वेगळं आहे. अशा वादळांच्या काळात तिथे किरणोत्सर्ग वाढू शकतो आणि रेडिओ संपर्क तुटू शकतो, म्हणून कंपन्या मार्ग दक्षिणेकडे वळवतात.

मनावरचा परिणाम फार जुना आहे. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांत या उजेडाखाली शीळ घालू नये, त्याची थट्टा करू नये, असं लहानपणापासून बजावलं जाई. नॉर्वेच्या ट्रॉम्सोमध्ये हिवाळ्यात सूर्य जवळजवळ दोन महिने उगवत नाही, आणि आज नेमक्या त्याच अंधारासाठी जगभरातून पर्यटक येतात. ज्याला लोक भ्यायचे, त्याच्यावर आता गावाचा हिवाळी धंदा चालतो.

अरोरा आणि तारायंत्राच्या तारा यांचं नातं १८५९ च्या सप्टेंबरमधल्या भूचुंबकीय वादळात पहिल्यांदा ठळकपणे उघड झालं. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या वादळानं तारांत निर्माण झालेल्या विजेवर संदेश पाठवले. रॉकी पर्वतातले सोन्याच्या खाणींचे मजूर मध्यरात्री उठून, उजाडलं म्हणून न्याहारीच्या तयारीला लागले.

या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईत झाली. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय वाचनं माणसं हातानं टिपत. २ सप्टेंबरला काटा विलक्षण खाली जाऊ लागला, तेव्हा निरीक्षकांनी तासाची वाट न पाहता काही काही मिनिटांनी वाचनं घेतली. आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट त्यांच्या वहीत उतरली. जवळजवळ दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद आजमावायला हेच आकडे घेतले. त्या कारकुनी चिकाटीचं कौतुक मराठी माणसानं तरी मोकळेपणानं करायला हवं. पुढे ट्रामच्या विजेचा त्रास नको म्हणून हे निरीक्षण १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवलं गेलं. ते आजही तिथे चालू आहे.

तारेच्या जागी विजेचं जाळं आलं आणि धोकाही वाढला. १३ मार्च १९८९ च्या पहाटे अशाच एका वादळात कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जमिनीतून उसळलेले प्रवाह लांब वाहिन्यांत घुसले आणि दीड मिनिटाच्या आसपास सारं जाळं कोसळलं. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात आणि थंडीत होते. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीनं वाहिन्यांवर असे प्रवाह अडवणारे कपॅसिटर बसवले.

आज भारताचं आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याकडे डोळे लावून आहे. तिथून गेलेला लोट पृथ्वीवर पोहोचायला वेगानुसार पंधरा मिनिटं ते तासभर लागतो. वीजकेंद्रातल्या माणसाला भार कमी करायला आणि वैमानिकाला मार्ग बदलायला तेवढा वेळ मिळू शकतो.