नोकरी गेली, न्यायही गेला काय?

परवा एक परिचित गृहस्थ हातात कागद घेऊन माझ्याकडे आले. कागदावर दोनच ओळी होत्या. त्यांच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही आणि एक महिन्याचे वेतन सोबत दिले आहे, असा त्यांचा आशय होता. चौदा वर्षे त्यांनी एका कारखान्यात कारकुनी केली होती. “हा अन्याय नव्हे काय?” त्यांनी विचारले.

नोकरी जाणे ही आपत्ती खरीच. परंतु प्रत्येक आपत्ती कायद्याच्या दृष्टीने अन्याय ठरत नाही. प्रथम पाहावयाचे ते हे की, चाकरी कोणाची होती. खाजगी कराराने ठेवलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यास मालकाने मुदतीपूर्वी काढले, तर न्यायालय बहुधा नुकसानभरपाई देववते; नोकरी परत देववत नाही. या सामान्य नियमाला मुख्य अपवाद तीन : सरकारी सेवक, औद्योगिक कामगार, आणि कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांचे कर्मचारी, मंडळाने त्या कायद्याचाच भंग केला असेल तर.

सरकारी सेवकाला संविधानाच्या 311 व्या अनुच्छेदाचे कवच आहे. आरोप कळविल्यावाचून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून त्याला सामान्यतः बडतर्फ करता येत नाही. हंगामी सेवकाचे काय? 1957 च्या धिंग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षा म्हणून काढले असेल तर हे कवच त्यालाही लाभते; केवळ नेमणुकीच्या अटींप्रमाणे सेवा संपविली असेल तर नाही. पुढे 1974 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, हुकुमाची भाषा सौम्य असली तरी तिच्याआड शिक्षा दडली आहे काय, हे न्यायाधीशांना पाहता येते. कायम सेवकाला कारण न देता केवळ नोटिशीवर काढण्याची मुभा देणारा दिल्ली परिवहन महामंडळाचा नियम 1990 मध्ये रद्द ठरला.

आता कामगारांविषयी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातलेल्या अटी 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम राहिल्या आहेत. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची, तर एक महिन्याची सकारण नोटीस किंवा तितके वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम भरले असले, तरी वर्षाची सेवा झाली असे सामान्यतः मानतात. व्यवस्थापन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र हा लाभ नाही.

आमचे गृहस्थ कारकून. म्हणजे कायद्याच्या व्याख्येत कामगारच. चौदा वर्षांचे 210 दिवसांचे वेतन त्यांना मिळावयास हवे होते. मिळाले होते तीस दिवसांचे. मी हे सांगताच त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. तो राजीनाम्याचा मसुदा होता. “साहेब म्हणाले, यावर सही करा, म्हणजे पुढे दुसरीकडे नाव खराब होणार नाही.”

सही अजून झालेली नव्हती, हे त्यांचे भाग्य. स्वखुशीचा राजीनामा ही कपात नव्हे. त्या एका सहीने सात महिन्यांच्या वेतनावरील आणि पुढील तक्रारीवरील त्यांचा हक्क धोक्यात आला असता.

म्हणून ज्याच्यावर असा प्रसंग येईल त्याने नेमणुकीचा हुकूम, वेतनाच्या पावत्या व काढल्याचे पत्र जपून ठेवावे. घाईने सही करू नये. आणि दोन वर्षे उलटण्याची वाट न पाहता कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे जावे. मालकाला माणूस कमी करण्याचा अधिकार आहे. तो अधिकार रीतीने वापरला की नाही, एवढेच कायदा विचारतो. परंतु तो विचारणार, ते आपण दाद मागितली तरच.