सारा प्रश्न पकडीचा

विजेच्या उपकरणापाशी पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू नये, असे आपल्याकडे घरोघरी शिकवले जाते. असे असता संगणकाच्या ऐन पोटात पाण्याची नळी फिरवावयाची, हा उद्योग वाचकांना वेडेपणाचा वाटेल. पण तो नवा नाही. आय. बी. एम. कंपनीने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकातील उष्णता पाण्यानेच वाहून नेली जात असे. त्यातील प्रत्येक चिपवर अ‍ॅल्युमिनियमचा एकेक छोटा दट्ट्या स्प्रिंगने टेकवलेला असे, आणि उरलेल्या फटींत हवेऐवजी हेलियम वायू भरलेला असे. कारण हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता नेतो. आम्हांला त्या पाण्यापेक्षा त्या स्प्रिंगांचे कौतुक अधिक. ते का, हे आमच्या इंदूरच्या घरी नुकत्याच झालेल्या खटाटोपावरून सांगतो.

आमचा पुतण्या वास्तुरचनाकारांसाठी इमारतींची चित्रे संगणकावर तयार करून देतो. एकेका चित्राला यंत्र तासन् तास राबते, आणि ते बहुधा रात्री. घर लहान, त्याच खोलीत आमच्या मातुःश्री निजतात. मे महिन्यात प्रोसेसरवरचा पंखा असा काही किंचाळू लागे की त्यांची झोप उडे, आणि इतके करूनही प्रोसेसर ८८ अंशांवर जाऊन आपला वेग आपणच कमी करी. काम वेळेवर गेले नाही तर पैसे अडकत, आणि नव्या तयार जलशीतन-संचाला हात घालावा अशी ऐपत नव्हती.

तेव्हा जमवाजमव सुरू झाली. डेझर्ट कूलरचा १८ वॅटचा पंप घरी होताच. जुन्या गाडीच्या हीटरमधला तांब्या-पितळेचा लहान रेडिएटर भंगारात मिळाला. अ‍ॅल्युमिनियमचा मुद्दाम घेतला नाही, कारण एकाच पाण्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम आले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. पाणी बॅटरीत घालतात ते, नळाचे नव्हे. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी खेळणारा तांब्याचा ठोकळा एका मित्राने दिला. मात्र तो २००४ साली निघालेल्या इंटेलच्या ७७५ सॉकेटसाठी घडवलेला. त्याच्या पकडीची चार भोके ७२ मि.मी. बाजूच्या चौरसात, आणि आमच्या एएम-४ मदरबोर्डावरची भोके ५४ बाय ९० च्या आयतात! ठोकळा उत्तम, पंप उत्तम. पण एकाला दुसऱ्यावर धरून ठेवणार कोण?

येथे थोडा हिशेब करू. प्रोसेसर भर कामात सुमारे १४० वॅट उष्णता देतो. मिनिटाला १ लिटर पाणी ठोकळ्यातून गेले, तर त्या उष्णतेने ते जेमतेम २ अंशांनी तापते. म्हणजे पाण्याचे काही अडत नाही. परंतु प्रोसेसरचे झाकण आणि तांबे यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा हवेचा पदर सर्वत्र राहिला, तर तेवढ्यानेच ३५-४० अंशांचा फरक पडेल. म्हणून मध्ये उष्णतावाहक लेप लावतात, आणि तो पातळ व सारखा पसरावा म्हणून चारही बाजूंनी सारखा दाब द्यावा लागतो. दाब कमी पडला की लेप जाड राहतो. एकाच कोपऱ्यावर आला की ठोकळा तिरपा बसतो. सुमारे २००० सालच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरांवर तर धातूचे झाकणही नव्हते. सिलिकनची सुमारे १२० चौरस मि.मी.ची चिप उघडीच असे, आणि वाकड्या दाबाने तिचे कोपरे उडत. आताच्या प्रोसेसरवर झाकण आहे. तरी मदरबोर्ड वाकतो, हे विसरून चालत नाही.

प्रथम पोस्टकार्डाएवढा जाड कागद मदरबोर्डावर धरून, भोकांवर पेन्सिल घासून त्यांचा ठसा घेतला. मापाची खातरजमा सुतार करतात तशी, कर्णांवरून केली: दोन्ही कर्ण १०५ मि.मी. भरले. मग ३ मि.मी. जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून तिला चार भोके, आणि मध्ये ठोकळ्याच्या दोन नळ्यांसाठी दोन मोठी भोके पाडली. पुतण्याची इच्छा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची होती, दिसावयास सुरेख म्हणून. पण सततच्या ताणाखाली अ‍ॅक्रिलिक हळूहळू वाकते, प्रसंगी तडकते. शोभेसाठी एवढी जोखीम आम्हांला पटली नाही.

बोर्डाच्या पाठीमागे कंपनीची पोलादी पट्टी होती, पण तिचे आटे इंची मापाचे; आम्हांला हव्या त्या लांबीचे तसे स्क्रू सियागंजात मिळाले नाहीत. म्हणून २ मि.मी. पोलादाची वेगळी पट्टी केली, आणि ती बोर्डाला कोठे टेकून शॉर्ट होऊ नये यासाठी मध्ये फाइलचे जाड प्लॅस्टिक घातले. तिच्यातून ३ मि.मी.चे चार लांब स्क्रू पुढे काढले. प्रत्येकावर नायलॉनचा वॉशर, मग वरची पट्टी, तीवर स्प्रिंग, आणि शेवटी सैल न होणारा नायलॉनचा नट.

स्प्रिंग किती दाबावी, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सांगितले. काट्यावर उभी धरून ४ मि.मी. दाबली की तो ३ किलो दाखवी. म्हणजे चार मिळून १२ किलो. अशा स्क्रूचा आटा अर्ध्या मि.मी.चा, म्हणून स्प्रिंगला टेकल्यापासून नटाच्या बरोबर आठ फेऱ्या. त्याही गाडीच्या चाकाचे नट आवळतात तशा, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एकेक फेरी.

“काका, आणखी दोन फेऱ्या देऊ का? घट्ट बसेल.”

“नको रे बाबा. हिशेब स्प्रिंगेने केला आहे, तो मनगटाने मोडू नकोस.”

लेप लावून एकदा बसवले आणि ठसा पाहण्यासाठी पुन्हा उचलले. उचलताना ठोकळा सरळ वर ओढावयाचा नाही. हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करावयाचा, नाही तर या सॉकेटमधला प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. ठसा चारही कोपऱ्यांत सारखा पातळ दिसला. नंतर संगणक बंद ठेवून नुसता पंप २४ तास चालवला, प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल पसरून. ते कोरडे राहिले तेव्हाच यंत्राला वीज दिली. कूलर चालू असता त्याच्या पाण्यात हात घालू नये, हा घरोघरचा नियम येथेही लागू, आणि पंपाला अर्थिंग हवेच.

खोली ३६ अंशांवर असता पाणी ४४ वर आणि प्रोसेसर ७१ वर स्थिरावला. खोलीहून थंड पाणी रेडिएटर देऊ शकत नाही. ते सामर्थ्य कूलरच्या भिजल्या गवतालाच. पण यंत्राचा वेग आता घटत नाही, मोठा पंखा संथ फिरतो, आणि मातुःश्रींना पंपाची घरघर ऐकू येत नाही. किंवा येत असली तरी त्या तसे म्हणत नाहीत.

२०२२ साली आलेल्या एएम-५ बोर्डांवरही भोके ५४ बाय ९० चीच आहेत. मात्र तेथे मागची पट्टी सॉकेटशीच जोडलेली असते. ती काढून आमची पोलादी पट्टी बसवता येणार नाही. वरची पट्टी आणि स्प्रिंगा चालतील, स्क्रू तेवढे तिच्या इंची आट्याचे मिळवावे लागतील.