सायकलवाट निर्धोक, पण हात सांभाळा

स्पेनमधील कातालोनियातल्या गारोचा भागात सुमारे ४० निद्रिस्त ज्वालामुखी आहेत. तिथल्या ओलोत शहरातून गिरोनापर्यंत १९६९ पर्यंत छोटी रेल्वे धावत असे. रूळ गेले आणि त्या मार्गावर आज सुमारे ५५ किलोमीटरची सायकलवाट आहे. बराचसा भाग बारीक खडीचा. रेल्वेचाच मार्ग असल्याने चढ सौम्य आणि मोटारींची वर्दळ जवळपास नाही. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्यांनाही ती झेपते.

मात्र खडीचे हादरे हँडलमधून थेट तळहातात जातात. तासन् तास हातांवर भार राहिला, तर मनगटात करंगळीच्या बाजूने जाणारा अल्नर मज्जातंतू दबतो. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. थकवा समजून दुर्लक्ष करत राहिल्यास हाताची पकडही कमजोर होऊ शकते.

उपाय सोपे आहेत. टायर रुंद असावेत, त्यांत हवा थोडी कमी ठेवावी. गादीचे हातमोजे घालावेत आणि हँडलवरची पकड सतत बदलावी. सीट पुढे झुकलेली नसावी. विश्रांतीनंतरही बधिरपणा टिकला किंवा शर्टाचे बटण लावणे, किल्ली फिरवणे जड जाऊ लागले, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.