मामाचे गाव लंडन

परभणीचा मे महिना ज्याने एकदा अंगावर काढला आहे, त्याला उन्हाळ्याच्या सुटीची थोरवी सांगावी लागत नाही. सकाळी दहाला लावलेली दारे संध्याकाळी सहाला उघडायची, कूलरमध्ये बादल्या ओतायच्या, आणि मुलांनी चौथ्या दिवशी विचारायचे, "मामाच्या गावाला कधी जायचं?" हा क्रम आमच्या लहानपणापासून चालत आला आहे. फरक एवढाच, की माझा मामा गंगाखेडला गोदेच्या काठी राहत असे आणि माझ्या मुलांचा मामा लंडनला हॅरोत राहतो.

मामा दरवर्षी फोनवर म्हणे, "दाजी, या की एकदा." मीही दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून सुटका करून घेई. हिशेबनिसाची नोकरी, तेव्हा चार तिकिटांचा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नसे. पण २०२४च्या दिवाळीत आमची सौ. एवढेच म्हणाली, "थोरली बारा वर्षांची झाली. अजून दोन वर्षांनी ती मामाच्या गावाला चला म्हणणार नाही." यावर माझ्यापाशी हिशेब नव्हता. पाच वर्षे पुरवून ठेवलेली ठेव मोडली आणि मे २०२५ मध्ये देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठून आम्ही विमानात बसलो. सामानात निम्मे वजन ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा यांचे होते.

निघण्यापूर्वी मी आठ वर्षांच्या धाकट्याला एक वचन देऊन बसलो होतो. शाळेच्या शिवजयंतीत तो पत्र्याची वाघनखे घालून उभा राहिला होता. तेव्हा "खरी वाघनखे लंडनच्या संग्रहालयात आहेत, तुला दाखवतो," असे मी ऐटीत सांगितले होते. त्या वचनाचे काय झाले ते पुढे येईलच.

पहिले दोन दिवस मी मुलांचे हाल केले, हे कबूल केले पाहिजे. खर्च वसूल करायचा म्हणून वहीत दिवसाला पाच स्थळे लिहिली होती. पूल झाला, घड्याळ झाले, राजवाडा झाला, की टिंब. दुसऱ्या दिवशी धाकटा थेम्सच्या काठी फतकल मारून बसला तो उठेना. रात्री वेगळीच तऱ्हा. मेअखेरीस तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, आणि "उजेड असताना कसं झोपायचं?" या मुलांच्या प्रश्नाला उत्तर नसते. शेवटी मामीने माझी वही काढून घेतली. "भाऊजी, दिवसाला एकच गोष्ट. आणि ती मुलांनी निवडायची."

त्यानंतर लंडन स्वस्तही झाले आणि मोठेही. तिथली राष्ट्रीय संग्रहालये २००१ पासून सर्वांना फुकट आहेत. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना. अकरा वर्षांखालचे मूल मोठ्यांबरोबर असले, तर भुयारी रेल्वेतही त्याचे भाडे नाही. तिकडच्या शाळांना उन्हाळी सुटी जुलैअखेर लागते, म्हणून आमच्या सुटीच्या दिवसांत गर्दी बेताची असते. मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची मधली सुटी येते. तो आठवडा टाळावा. टॉवरमधला कोहिनूर राहिला तो राहिलाच. चौघांच्या तिकिटांचा आकडा ऐकून सौ. म्हणाली, "आपल्याच हिऱ्याला बघायचे पैसे आपण का द्यायचे?"

निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात मुलांनी निवडला तो देवमासा. निळ्या देवमाशाचा अखंड सांगाडा भल्या मोठ्या दालनाच्या छताला, सूर मारत असल्यासारखा टांगला आहे. लांबी पंचवीस मीटरच्या वर. धाकट्याने मान वर करून बराच वेळ हिशेब केला आणि निकाल दिला, "पाथरीच्या दोन एस.टी. गाड्या एकामागे एक." हा जीव १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून पडला होता. मुलांनी सबंध दुपार त्याच्याखाली काढली. माझ्या वहीत त्याला वीस मिनिटे होती.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय. धाकटा पहाटेपासून तयार. मी एका सेवकाला शोधून विचारले. त्याने अदबीने सांगितले, की ती वस्तू उसनी दिली आहे. कोठे? महाराष्ट्रात! जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर ती प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात गेली होती. हे वर्तमानपत्रांत गाजले होते आणि मी ते वाचलेही होते; पण मुलाला बढाई मारताना आठवले नाही. परभणीचा माणूस हजारो मैल ओलांडून जे पाहायला आला, ते त्याच्याच राज्यात होते. ती नखे महाराजांचीच असल्याचा पुरावा नाही, असे ते संग्रहालयही म्हणते. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती तिथे आली एवढे नक्की. हे सारे मी मुलाला समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही आधी का नाही पाहिलं?"

मी गप्प बसलो. पुढे टिपूचा लाकडी वाघ भेटला. गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला, पोटात बाजा असलेला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर लुटीतून आलेला. थोरली त्याच्याभोवती तीनदा फिरली. धाकट्याने एकदा पाहिले आणि माझा हात धरला नाही.

त्यानंतरचा दिवस थोरलीचा. तिने निवडले बाबासाहेबांचे घर. आमच्या परभणीच्या स्टेशनबाहेर बाबासाहेबांचा पुतळा आहे. मुलांच्या दृष्टीने ते 'आपल्या स्टेशनवरचे बाबासाहेब'. सौ. मामीबरोबर घरी राहिली, मी दोन्ही मुलांना घेऊन निघालो. हॅरोहून जी मेट्रोपॉलिटन लाइन धरली, तिचाच पहिला तुकडा १८६३ मध्ये सुरू झालेली जगातली पहिली भुयारी रेल्वे. बोरीबंदर-ठाणे त्याआधी दहा वर्षे धावली होती, हे मी मुलांना अभिमानाने सांगितले. वाघनखांची भरपाई करत होतो, दुसरे काय!

किंग्ज क्रॉसला काळ्या रंगाची नॉर्दर्न लाइन धरली. कॅमडेन टाउनला तिला दोन फाटे फुटतात. आमची गाडी दुसऱ्या फाट्याची, म्हणून तिथे बदलायची होती. फलाटावर गाडी उभी. मुले चढली. मी चष्मा सावरून दारावरची पाटी वाचत राहिलो, आणि दारे मिटली.

काचेआड थोरलीचा चेहरा दिसला, मग दिसेनासा झाला. मुलांजवळ फोन नव्हता. पुढची गाडी चार मिनिटांनी, असे फलक सांगत होता. त्या चार मिनिटांत मला गंगाखेडची जत्रा आठवली. आई माझा दंड धरून सांगे, "चुकलास तर हलू नको. मी येते." तेच मी मुलांना पहिल्या दिवशी सांगितले होते : पुढल्या स्टेशनला उतरायचे आणि जागचे हलायचे नाही. पण सांगणे वेगळे. आठ वर्षांचे मूल, परका मुलूख, आणि कालपासून बापावर रुसलेले.

चॉक फार्मला गाडी थांबली. दोघे बाकाजवळ उभी होती. थोरलीने धाकट्याच्या पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला होता. ती रडवेली दिसत होती. धाकटा मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तुम्ही हरवला होता. आम्ही जागेवरच होतो." मग त्याने माझा हात घट्ट धरला, आणि पुढचे रस्ते तोच दाखवू लागला. रेल्वेरुळांवरचा पादचारी पूल ओलांडला, की किंग हेन्रीज रोड जवळच.

दहा क्रमांकाचे घर चारचौघांसारखे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. थोरली ती वाचता वाचता थबकली. "१८९१! देवमासा अडकला ते साल." मग जरा थांबून, "म्हणजे तो किनाऱ्याला लागला त्याच वर्षी बाबासाहेब जन्मले."

मी पाहिलेल्या कोणत्याही पुस्तकात ही दोन माणसे... चुकलो, एक माणूस आणि एक मासा, शेजारी आलेली नाहीत. आम्ही आत गेलो. वाकलेल्या बापाच्या खांद्यावरून धाकट्याने खोल्या निरखल्या. "एवढे सगळे वाचायला ते इतक्या लांब एकटे आले? त्यांचा मामा होता का इथे?" नव्हता, म्हणालो.

तिथून प्रिम्‌रोझ हिलच्या गवतावर बसून भाकरी सोडली. खाली सगळे लंडन पसरले होते. धाकट्याने ठेच्याचे बोट चाटले आणि विचारले, "बाबा, सातारा परभणीहून किती लांब?"

"रात्रभराचा प्रवास."

"मग दिवाळीला जाऊ. पण वाघनखं कुठे आहेत, ते आधी मी विचारतो."