बांधून ठेवण्याची सवय

सैलानी बाबांचा दर्गा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. 'असर झालाय' म्हणून आपल्या माणसाला तिथे नेणारं एखादं घर वाशीमकडच्या बहुतेकांच्या ओळखीत निघतं. कोणी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट धरतं. कुठेही न्या, अम्मीच्या मनात धास्ती एकच: पोराला बांधून तर ठेवणार नाहीत ना?

धास्ती उगाच नाही. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने साखळीला पूर्ण बंदी घातली आणि रुग्णाला एकटं कोंडून ठेवण्यालाही. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल, तरच थोडा वेळ आवरून धरता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही. आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही.

मला हे शेवटचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. साठ पोरांच्या वर्गात छडी कशी उचलली जाते, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगायला नको. २००९ च्या कायद्याने छडी बंद केली. पण ती हातातून सुटायला शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं बदलावं लागलं. वॉर्डातही तसंच. रात्रपाळीचा एकटा परिचर दोरी शोधतो तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. जुन्या लोकांनी त्याला तेच शिकवलेलं असतं.

ही सवय मोडता येते. गुजरातमध्ये २०१४ पासून सहा सरकारी केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या हक्कांचं शिक्षण दिलं. कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची नजर सुधारली. त्याच राज्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रम चालतो. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. दुआ झाल्यावर तेच माणसाला डॉक्टरकडे पाठवतात. त्यांचा मान राखला, म्हणून ते सोबत आले. सैलानीतही हे का होऊ नये?

तोवर घरच्यांनी एवढं माहीत ठेवावं. रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. रुग्णाला बांधलं, तर २४ तासांच्या आत त्या प्रतिनिधीला कळवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. कारण आणि वेळ केसपेपरवर लिहिलेली हवी, ती विचारा. बळजबरीने डोकं भादरायलाही कायद्याची मनाई आहे. आणि घरातच कोणी रात्र-रात्र झोपत नसेल, बडबडत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मध्यरात्रीही लागतो.