घास अडकतो तेव्हा

मुरबाड-शहापूरकडच्या गटांत बसलं की एक तक्रार हमखास ऐकू येते. भाकरीचा घास छातीत अडकतो, वरून पाणी प्यावं लागतं. बाई म्हणते, पित्त असेल. कधी पित्त असतंही. पण अन्ननलिकेच्या कर्करोगातही घास असाच अडकतो, आणि त्याआधी कितीतरी वर्षं आत बिघाड चालू असतो. तो कसा, ते आज सांगतो.

आपल्या पेशीत ४६ रंगसूत्रं असतात. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. ही गटाची ४६ पानांची वही समजा. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा अख्खी वही नव्यानं उतरवली जाते. मिश्री-तंबाखू, दारू किंवा सतत वर येणारं आंबट पाणी यांनी नळीचं आतलं अस्तर पुन्हा पुन्हा दुखावलं, की ते भरून काढायला पेशी सारखी वही उतरवत राहते. मग एखादं पान गळतं, एखादं दोनदा लिहिलं जातं. तंबाखू तर पानावरची अक्षरंच बिघडवते.

सतराव्या रंगसूत्रावर पी ५३ नावाचा जनुक आहे. तो हिशेब तपासणाऱ्या बाईसारखा. चूक दिसली की काम थांबवतो, नाहीतर ती पेशीच संपवतो. तेच पान बिघडलं, की चुकीच्या पेशी वाढत जातात.

हा अजून कर्करोग नव्हे. अशा सगळ्याच बायांना तो होतो असंही नाही. आणि हा बिघाड त्या नळीतल्या पेशींपुरताच असतो, आईचा लेकरांना जात नाही. दुर्बिणीनं नळी तपासून अस्तराचा बारीक तुकडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या पेशीचं केंद्र मोठं, गडद, वेडंवाकडं दिसतं. या पायरीवर सापडलं, तर बरेचदा दुर्बिणीतूनच तो भाग काढता येतो.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, पुढची चिठ्ठी घ्या. १९४१ पासून चालू असलेलं टाटा रुग्णालय परळला आहे, कल्याणहून लोकलनं जाता येतं.

आणि एक. डॉक्टर विचारतात, तंबाखू खाता का? बाई नाही म्हणते, कारण मिश्री तिला तंबाखू वाटतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून किती वेळा लावता, किती वर्षं, तेही सांगा.