बैठक, काटा आणि गुणांची वही

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन निडेच ही एका बसचालकाची पत्नी. १९६१ साली तिचे वजन ९७ किलो होते. शहराच्या आरोग्य खात्याने दिलेला आहारतक्ता हाती होता. पण बिस्किटांचा मोह सुटेना. तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावून मन मोकळे केले. त्यातूनच १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी निघाली.

रीत साधी. आठवड्याला बैठक. फी भरायची, काट्यावर उभे राहायचे, मग एकमेकींशी बोलायचे. भगिनींनो, आम्हाला या योजनेत खरा जीव दिसतो तो याच बोलण्यात. आणि त्याला मूळ घरात एक पैसाही पडला नव्हता!

गुण आले १९९० नंतर. तेव्हाच्या हिशेबात ५० कॅलरींना एक गुण, १२ ग्रॅम चरबीला आणखी एक. चोथ्याला थोडी सूट. म्हणजे २०० कॅलरींचा, १२ ग्रॅम चरबीचा, चोथा नसलेला पदार्थ पाच गुणांचा. दिवसाचे गुण वजनानुसार ठरलेले. त्यांत काय बसवायचे ते आपल्या मर्जीवर. पुढे हे कोष्टक अनेकदा बदलले. २०२५ साली कर्जाखाली दबलेल्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज जेवण तोडू नये.